चित्र मालकंसाचंच आहे, ताई

नमस्कार ताई,

आमच्या फ्रेमच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. बाबांच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात तुम्हाला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. घरच्या चांगल्या दिवशी असं व्हायला नको होतं.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय की मालकंसासारख्या गंभीर रागाच्या नावाखाली विडा खाणाऱ्या राजा-राणीचं कुठलं तरी चित्र आम्ही गळ्यात मारलं, साडेबारा हजार घेतले, फ्रेम ऐन आदल्या रात्री दिली, आणि विचारायला गेलं तर मालक लेक्चर देतात. वर 'सरळ सरळ फसवणूक', आणि एक स्टार.

उशिराबद्दल फार बोलत नाही. पावसाळ्यात वसलीचा, म्हणजे थर चिकटवून केलेला चित्राचा कागद दमट हवेनं फुगतो, तसाच काचेमागे बंद केला तर बुरशी धरते, म्हणून थांबलो. तरी कार्यक्रमाआधी चित्र घरी पोचलं. आमचा मुलगा भर पावसात प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आला होता. साडेबारा हजार जास्त वाटले असतील तर वाटोत, ज्याचा त्याचा खिसा. पण चित्र मालकंसाचं नाही, हे मात्र मला गिळवत नाही.

मालकंस आज आपण ऐकतो तो रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा, पाच स्वरांचा. रे-प वर्ज्य, ग-ध-नी कोमल. गंभीरच आहे, कोण नाही म्हणतंय? पण रागमालेचे, म्हणजे रागांना माणसांच्या रूपात दाखवणाऱ्या जुन्या चित्रमालिकेचे, चित्रकार स्वर रंगवत नव्हते. त्यांच्याकडे सहा राग होते, भैरव, मालकंस, हिंदोल, दीपक, श्री आणि मेघ, आणि प्रत्येकाच्या पाच-पाच रागिण्या. असा छत्तीस चित्रांचा संच, आणि प्रत्येकाचं दृश्य जवळजवळ ठरलेलं. तोडी म्हटलं की रानात वीणा घेतलेली बाई आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. आसावरी म्हणजे चंदनाच्या झाडाजवळ नागांना जवळ घेऊन बसलेली शबर जमातीची बाई. भैरवीत बाई शिवलिंगाची पूजा करते. ललितमध्ये पहाटे नायिका झोपलेली आणि नायक हळूच निघालेला. मेघात काळे ढग, पाऊस आणि नाचणारा कृष्ण. आणि मालकंसात, राजस्थानच्या संचांमध्ये बहुतेक वेळा, महालात गादीवर बसलेलं जोडपं, हातात विडा, मागे चवरी ढाळणारी दासी. तुमच्या चित्रात तंतोतंत हेच आहे.

तुमच्या काकांनी म्हणे सगळ्यांसमोर विचारलं, "राग कुठाय यात? हा तर साखरपुडा दिसतोय!" आणि तंबोरा का नाही, हेही विचारलं. काकांचा मान राखून सांगतो, छत्तीसातल्या कितीतरी चित्रांत एकही वाद्य नसतं. ललितमध्ये कुठलं वाद्य शोधणार? तो बिचारा आवाज न करता दाराबाहेर पडतोय.

एक गोष्ट मी लपवत नाही. दामोदर पंडितांच्या 'संगीतदर्पण' या सतराव्या शतकातल्या ग्रंथात मालकंसाचं वर्णन वेगळं आहे: लालसर वर्णाचा वीर, हातात लाल दंड, गळ्यात शत्रूंच्या कवट्यांची माळ. म्हणजे तुम्हाला वाटणारं गांभीर्य ग्रंथात आहे. पण राजस्थानातल्या चित्रकारांनी बहुतेक ठिकाणी तो वीर घेतला नाही, जोडपं घेतलं. शास्त्र एका वाटेनं गेलं, कुंचला दुसऱ्या. हे मी तुम्हाला काउंटरवरही सांगितलं होतं. (लेक्चर ते हेच असावं.) आणि खरं सांगा ताई, कवट्यांची माळ घातलेला वीर तुम्ही बाबांच्या पंच्याहत्तरीला हॉलमध्ये लावला असता का?

ही प्रथा माझ्या दुकानात जन्मलेली नाही. काशीजवळच्या चुनारला १५९१ मध्ये रागमालेचा एक संच रंगवला गेला. तो करणारे चित्रकार स्वतःला अकबराच्या दरबारातल्या मीर सय्यद अली आणि अब्दुस समद यांचे शिष्य म्हणवत. त्याच संचाचे आराखडे पुढे राजस्थानातल्या बुंदी-कोट्याच्या चित्रकारांनी पिढ्यानपिढ्या गिरवले. मेवाडात चावंडला १६०५ मध्ये एक संच झाला, १६२८ मध्ये साहिबदीन या चित्रकारानं दुसरा केला. चारशे वर्षांत त्याच नावाखाली गायलं जाणारं गाणं बरंच बदललं, चित्राचा साचा मात्र तसाच राहिला. तुमचं चित्र बुंदीच्या वळणाचं आहे आणि हे मी बिलावर लिहून दिलंय. बिल बघा.

रंग भरायच्या आधी जयपूरच्या चित्रकारानं पेन्सिलचा कच्चा आराखडा पाठवला होता, तो मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. त्यात जोडपं होतं, विडा होता, दासीसुद्धा होती. तुमच्याकडून अंगठा आला आणि मागोमाग 'मस्त, करा'. स्क्रीनशॉट इथे टाकत नाही, बरं दिसत नाही ते. पण त्या वेळी 'मला वीणा आणि हरणं हवीत' असं एका ओळीनं कळवलं असतंत, तर तोडी करून दिली असती, तेवढ्याच पैशांत. मालकंसच हवा, बाबांचा आवडता आहे, हे तुमचंच म्हणणं होतं.

खाली कुणीतरी कमेंट केलीय, 'प्रिंटच असणार, नाशकात हाताचं काम कोण देतं.' या साहेबांनी ना चित्र पाहिलंय, ना दुकान. ताई, तुम्ही स्वतः एक करा. संध्याकाळी हॉलमधला दिवा लावा, फ्रेम भिंतीवरून उतरवा आणि उजेडात तिरकी धरा. राणीच्या गळ्यातला एकेक मोती बघा. तो पांढऱ्या रंगाचा जाड थेंब आहे, कागदावरून वर आलेला, आणि प्रत्येक थेंबाची बारीकशी सावली खाली पडते. राजाच्या जाम्याच्या काठावर सोनेरी चमक हलताना दिसेल. प्रिंटमध्ये मोती सपाट असतो आणि भिंगाखाली ठिपके दिसतात. भिंग नसेल तर दुकानात आहे.

एक स्टारनं काय होतं, हेही लिहितो, राग मानू नका. आमचं घर रागमालेवर चालत नाही. सप्तशृंगी देवीचे फोटो, लग्नाचे फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, यांच्या फ्रेमवर चालतं. वडिलांपासूनचं दुकान आहे, ही चित्रं माझी हौस. साडेबारा हजारांतून चित्रकार, कुरिअर, माउंट, पट्टी, काच वजा करून माझ्या हातात काय राहिलं ते सांगितलं तर तुम्हीच म्हणाल, कशाला करता मग. आणि तुमचा रिव्ह्यू आल्यापासून फोटो फ्रेम करायला आलेलं गिऱ्हाईकही मोबाईल काढून विचारतं, "हे काय लिहिलंय तुमच्याबद्दल?" गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी जिथे आश्रम काढला त्या गावात रागाचं नाव घेऊन लोकांना फसवायची माझी हिंमत नाही. इथे गल्लीगल्लीत गाणं शिकलेली माणसं आहेत, दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहतील.

रागमालेच्या चित्रामागे मराठीत एक छोटी माहितीची चिठ्ठी लावायचं मनात आहे, आणि ऑर्डर घेताना जरा नीट लिहून घेऊ. मुलालाही तसं सांगितलंय.

चित्र ऑर्डरचं असल्यामुळे परत घेता येणार नाही. पट्टी आवडली नसेल तर दुसरी लावून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं, एरवी सकाळी अकरानंतर कधीही या. शक्य असेल तर बाबांना घेऊन या. त्यांना चित्र कसं वाटलं हे तुमच्या रिव्ह्यूत कुठेच नाही आणि मला ते ऐकायचंय. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. 'फसवणूक' तेवढं काढा, ही विनंती.