पोराला 'क' येतो की फक्त डिंक?

कापूस चिकटवलेला 'क', टिकल्या लावलेला 'ट'. असे फोटो हल्ली रोज दिसतात. गोडच असतात. पण दरवेळी विचारावंसं वाटतं, यात पोराचं बोट 'क'च्या वळणावरून एकदा तरी फिरलं का? तोंडातून 'क' निघाला का? बहुतेक वेळा अक्षर मोठ्यांनी आखलेलं असतं आणि पोर डिंकात रमलेलं. ही हस्तकला झाली. तीही हवीच, पण तिला अक्षरओळख म्हणू नका.

इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये 'बालगृह' ही लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीतली पॉलिशपेपरची खरखरीत अक्षरं मला आजही सगळ्यात पटतात. लिहितो त्याच दिशेने दोन बोटं फिरवायची आणि फिरवताना आवाज काढायचा. पुढे तीन पायऱ्या: 'हा म', मग 'म कुठला, दाखव', आणि शेवटी 'हा कोणता?' घरी आपण थेट तिसरीवर उडी मारतो आणि मूल गप्प बसलं की वैतागतो.

पॉलिशपेपर नसला तर ताटात वाळू, मातीच्या वळ्या, फरशीवर ओला ब्रश, काहीही चालतं. पेन्सिलीची घाई नको.

क्रमाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. हाताला क ख ग घ नको, पाटीवरचा जुना ग म भ न बरा. 'व' बसला की 'ब' आणि 'क' फार लांब नसतात. फक्त 'म' पक्का झाल्याशिवाय 'भ' काढू नका, आणि 'घ'-'ध' ही जुळी तर एका आठवड्यात भेटवूच नका.

वर्णमालेचा क्रम तोंडासाठी आहे, आणि तोही खेळता येतो. आरशासमोर प फ ब भ म म्हणायला लावा, ओठ मिटताना मुलाला स्वतःलाच दिसतात. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून आधी 'त' आणि मग 'थ' म्हणवून घ्या. 'थ'ला पट्टी जास्त हलते. मुलं हे पुन्हा पुन्हा करतात, थांबवावं लागतं!

तक्त्यांवर माझा राग आहे तो 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' यांच्यावर. इतका वेळ पहिला आवाज ऐकायला शिकवलं आणि इथे अचानक नियम बदलला. शिवाय चित्र पाहून 'बाण' म्हणणारं मूल 'ण' वाचतंय असं आपण समजतो. चित्र झाकून विचारा, खरं काय ते कळेल.

खरी अडचण पुढे वेलांटीला येते. 'कि'मध्ये ती आधी दिसते, ऐकू मात्र 'क'नंतर येते. पुठ्ठ्याची एक वेलांटी कापून द्या. 'क'च्या डावीकडे उभी केली की पहिली. तोच तुकडा पालथा करून उजवीकडे ठेवला की दुसरी. हे सांगू नका, त्याचं त्याला सापडू द्या.