क्युबेला शिव्या घालून झाल्या असतील तर थोडं सायाकाबद्दल बोलू

(स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. ज्यांनी 'मादोका मॅजिका' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बघितलेली नाही त्यांनी आधी १२ भाग बघून या, मग भांडू.)

या मालिकेचा विषय निघाला की सगळ्यांचा राग क्युबेवर निघतो. साहजिक आहे. पांढरंशुभ्र, मांजरासारखं दिसणारं हे प्रकरण १४ वर्षांच्या मुलींना गाठतं आणि म्हणतं, एक इच्छा माग, कुठलीही. बदल्यात मॅजिकल गर्ल हो आणि चेटकिणींशी लढ. करार झाला की तुझा जीव शरीरातून काढून एका रत्नात ठेवणार, हे तो सांगत नाही. ते रत्न पुरतं काळवंडलं की तूच चेटकीण होणार, हेही नाही. जाब विचारला तर शांतपणे म्हणतो, तुम्ही विचारलंच नाहीत. त्याला विश्वाची ऊर्जा टिकवायचीय आणि आशेची निराशा होताना मुलींमधून ती भरपूर मिळते. हिशेब संपला.

पण क्युबे खलनायक आहे हे सहाव्या भागापर्यंत कुणालाही कळतं. पटकथाकार गेन उरोबुची तेवढंच सांगायला बसला असता तर ही मालिका २०११ नंतर इतकी वर्षं डोक्यात राहिली नसती. मला छळतं ते वेगळंच आहे. या मुली दुसऱ्यासाठी मागतात आणि त्या दुसऱ्याला विचारत नाहीत.

सायाका घ्या, नायिका मादोकाची वर्गमैत्रीण. क्योसुके व्हायोलिन वाजवतो, अपघातात त्याचा हात जातो, डॉक्टर हात टेकतात. सायाका आपली इच्छा त्याच्या हातावर खर्च करते. त्याच्याआधीच मामी नावाची अनुभवी मॅजिकल गर्ल तिला विचारते, तुला त्याचं स्वप्न पुरं व्हायला हवंय, की ते पुरं करणारी तू हवी आहेस? सगळ्या मालिकेतला सर्वात क्रूर प्रश्न हाच आहे, आणि तो सर्वात प्रेमळ मुलीच्या तोंडी दिलाय. सायाका गडबडते आणि पुढे जाते. हात बरा होतो. मग ती इस्पितळात भेटायला जाते, तर हा पठ्ठ्या न सांगता घरी गेलेला. ती त्याच्या घरापाशी जाते, आतून व्हायोलिन ऐकू येतं आणि बेल न वाजवता परत फिरते. पुढे मैत्रीण हितोमी सांगते की मी त्याला माझ्या मनातलं सांगणार आहे, आणि सायाकाचं रत्न काळं पडायला लागतं.

क्योसुकेला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. मला कळत नाही का. त्याच्या नावावर कर्ज चढलंय हे त्याला माहीतच नाही!

क्योको या दुसऱ्या मॅजिकल गर्लचं तर याहून भयंकर. तिचे वडील धर्मोपदेशक. पंथाच्या शिकवणीबाहेरचं बोलू लागले म्हणून त्यांना हाकललं गेलं, घरात खायला नाही. पोरगी मागते, लोकांनी बाबांचं ऐकावं. लोक ऐकतात, गर्दी होते. एक दिवस बाबांना कळतं की ही माणसं आपल्या शब्दांसाठी आलीच नव्हती. ते लेकीला चेटकीण म्हणतात, दारूत बुडतात आणि शेवटी घरच्यांना मारून स्वतःलाही संपवतात. एकटी क्योको उरते. तिने बापाला श्रोते दिले, पण आपल्या बोलण्यात दम आहे की नाही हे कळायची संधीच काढून घेतली.

आपल्याकडे नवस बोलतात तेव्हा निदान किंमत आधी ठरते आणि फेडायची ती काम झाल्यावर. क्युबेकडे तेवढीही सोय नाही. पण आई नवस बोलते आणि पोराला अनवाणी डोंगर चढावा लागतो, हा भाग ओळखीचा आहे. 'तुझ्यासाठीच केलं' या वाक्याला उत्तर देता येत नाही.

म्हणूनच बाराव्या भागातला एक छोटा प्रसंग मला सगळ्या विश्वउलथापालथीपेक्षा मोठा वाटतो. चेटकिणी जन्मण्याआधीच नाहीशा व्हाव्यात असं मादोका मागते आणि स्वतः माणूस म्हणून उरत नाही, दैवी काहीतरी होते. पण ती कुणाची इच्छा पुसत नाही. क्योसुके मंचावर वाजवतोय, त्या दोघी ऐकतायत आणि मादोका सायाकाला स्पष्ट सांगते की तुला वाचवायचं तर हे सगळं झालंच नाही असं करावं लागेल. सायाका म्हणते, असू दे, मला फक्त त्याचं वाजवणं पुन्हा ऐकायचं होतं. मामीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. सगळी किंमत माहीत असताना कुणीतरी हो म्हणतंय, असं मालिकेत फारच थोड्या वेळा होतं.

मात्र मादोकाला देव्हाऱ्यात बसवायचीही मला घाई नाही. अकराव्या भागात वादळामुळे सगळे निवाऱ्यात जमलेले असतात. (तोहोकूच्या भूकंपानंतर शेवटचे दोन भाग एप्रिलपर्यंत लांबले होते, हे दृश्य तेव्हा जपानी प्रेक्षकांनी कसं बघितलं असेल?) मादोका बाहेर निघते तेव्हा आई अडवते. कुणाच्या थापांना भुलून तर जात नाहीस ना, एवढंच विचारते आणि लेकीवर विश्वास ठेवून सोडते. लेक परत येणार नाही, आणि आपल्याला लेक होती हेही आठवणार नाही, हे त्या बाईला कुणी सांगितलंय? तीही न वाचता सही करते.

आणि मग होमुरा, मादोकाला वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा काळ मागे फिरवणारी मॅजिकल गर्ल. 'रिबेलियन' या चित्रपटात (२०१३) ती मादोकाला त्या दैवी पदावरून खेचून आणते, तेव्हा चाहत्यांचे दोन तट पडले. माझा तट ठरलेला आहे. फुलांच्या माळावर मादोका म्हणते की सगळ्यांना सोडून जाणं मला सहन झालं नसतं, आणि होमुरा ते वाक्य परवानगीसारखं उचलते. पण त्या वेळी मादोकाला आपण काय केलंय तेच आठवत नसतं! ज्याला माहिती नाही त्याचा होकार घ्यायचा, हा क्युबेचाच धंदा झाला. होमुराचं प्रेम खरं आहे याबद्दल वादच नाही, आणि म्हणून ते जास्त अंगावर येतं.

२०२१ साली पुढचा चित्रपट जाहीर झाला, तेव्हापासून लोक लढाया आणि नव्या पोशाखांची चर्चा करतायत. करा. मला त्यात एकच बघायचंय: होमुरा मादोकाला सगळं सांगून मग विचारते का, आणि उत्तर नकाराचं आलं तर काय करते.