एकदा भरलेला रोड टॅक्स गाडीबरोबर का येत नाही?

दिल्लीहून जुनी गाडी आणणं परवडतं का, हे ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारत असतं. मावसभावाने तिकडून डिझेल गाडी आणली तेव्हा तिच्या कागदांसाठी त्याच्याबरोबर मी फिरलो होतो, म्हणून विचारतात. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. आणि त्यानिमित्ताने मनात साठलेलं एक म्हणणंही मांडतो, कारण हा विषय फक्त गाडीचे शौक असणाऱ्यांचा नाही. बदलीवर जाणाऱ्या, दुसऱ्या राज्यात नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आधी दिल्लीची गाडी स्वस्त का, ते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा कायम केली. त्यानंतर नियमांची बरीच ओढाताण झाली. २०२५ च्या जुलैमध्ये तर जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा आदेश आला आणि लोक इतके चिडले की काही दिवसांतच तो थांबवावा लागला. या टांगत्या तलवारीमुळे आठवं-नववं वर्ष लागलं की तिथला मालक मिळेल त्या भावात गाडी काढून टाकतो. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे पर्यावरण कर भरून नूतनीकरण होतं. म्हणजे तिथे शेवटाला आलेली गाडी इथे आणखी बरीच वर्षं धावू शकते. गाडीत खोट नसते, तरी भाव पडलेला असतो.

खरी कसोटी पुढे आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ४६ सांगतं की एका राज्यात झालेली नोंदणी देशभर ग्राह्य आहे. लगेच पुढचं कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलीत तर तिथला नवा नंबर घ्या. नव्या नंबरासाठी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागतो. एनओसीसाठी गाडीवरचा बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) उतरलेला किंवा बँकेची संमती हवी, सगळी ई-चलानं भरलेली हवीत, गाडी चोरीची नसल्याचा दाखला हवा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचं नाव तसंच असतं आणि मूळ मालक तोवर फोन उचलेनासा झालेला असतो. कलम ४८ प्रमाणे तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर एनओसी मिळाली असं मानायचं. प्रत्यक्षात हातात कागद नसेल तर इकडच्या खिडकीवर कुणी फाईल उघडूनही बघत नाही.

मग येते चेसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराची, छाप. बॉनेट उघडून, कोरलेल्या नंबरावरची धूळ आणि ग्रीस फडक्याने पुसायचं, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी नीट दाबून बसवायची, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेली पट्टी अलगद उचलून फॉर्मवर डकवायची. एक आकडा पुसट आला तरी पुन्हा करा. भावाने भर उन्हात, आरटीओच्या आवारात वाकून हे केलं. आणि तोच चेसिस नंबर आत बसलेल्या साहेबांच्या संगणकावर 'वाहन' प्रणालीत दिसत होता, दिल्लीत दिसत होता तसाच. गाडी समोर आहे ती तीच आहे ना, याची खातरजमा व्हायलाच हवी, ते मला मान्य आहे. पण देशभराची नोंद एका प्रणालीत असताना कागदी एनओसी माणसाने का वाहून आणायची?

आता टॅक्स, ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय. गाडी नवी घेतानाच पुढच्या पंधरा वर्षांचा टॅक्स एकरकमी घेतलेला असतो. सहा ते दहा लाखांच्या डिझेल गाडीला दिल्लीत ८.७५ टक्के, तर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या डिझेलला १३ टक्के. इकडे आणल्यावर वयाची सूट देऊन आपला टॅक्स पुन्हा आधी भरायचा. त्यानंतर नव्या नोंदणीचा पुरावा जोडून दिल्लीकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. भावासारख्या माणसाने तालुक्याच्या गावातून दिल्लीतल्या कार्यालयाचा पाठपुरावा करायचा कसा? एजंट म्हणाला, "ते पैसे विसरा साहेब, फाईल क्लिअर झाली हेच नशीब." त्यात नवा नंबर म्हणजे नवी नंबरप्लेट, नवा फास्टॅग, विम्यात नवी नोंद.

हे सगळं बघून लोक काय करतात, ते आपल्या रस्त्यांवर दिसतंच. परराज्याचा नंबर तसाच ठेवतात आणि गाडीही मूळ मालकाच्याच नावावर वर्षानुवर्षं फिरवतात. हे फार धोक्याचं आहे. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. म्हणजे ज्याने गाडी कधीच विकून टाकली तो दिल्लीतला माणूस कोर्टाच्या खेपा घालणार आणि जखमी माणसाची भरपाई तोवर लटकणार. सरळ वाटेने जायला इतका खर्च आणि मनस्ताप असेल तर आडवाट रुंद होणारच.

यावर उपाय नाही असं कुणी म्हणू नये. २०१७ पासून जीएसटीत हेच चाललंय. दिल्लीतून पंख्यांचा ट्रक पुण्याला आला तर महाराष्ट्राचा हिस्सा महाराष्ट्राला मिळतो, पुण्याचा दुकानदार दिल्लीकडे परतावा मागत बसत नाही. दोन सरकारांचा हिशेब सरकारं आपसात मिटवतात. गाडीच्या उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा हिशेब असाच मिटवता येईल. दरात फरक असेल तर फरकाची रक्कम मालकाकडून घ्या, तो आनंदाने भरेल.

२०२१ मध्ये आलेल्या बीएच (भारत) या नंबरांच्या मालिकेने अर्धी वाट दाखवलीच आहे. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. पण ती सोय सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांतल्या लोकांना. दुकानदार, शेतकरी, एकाच शहरातल्या कारखान्यात राबणारा यांना नाही. का नाही? एकरकमी टॅक्सचा बोजा यांनाच जास्त जाणवतो. बीएच सगळ्यांना खुली करा, ही मागणी आपण खासदारांकडे लावून धरायला हवी.

तोवर ज्यांचं दिल्लीच्या गाडीवर मन बसलंय त्यांनी टोकन देण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर बोजा आणि चलानं तपासा. इकडचा टॅक्स किती बसेल ते आपल्या आरटीओत विचारून तो किमतीत मिळवा, परतावा मिळेल असं धरू नका. आणि विकणाऱ्याच्या एनओसीच्या अर्जावर, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या तुमच्यासमोर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.