पहिली स्की-सहल जवळच का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, आणि दोन ओळींत आटपावी अशी नाही. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. स्कीइंग पहिल्यांदा शिकणाऱ्याने परदेशी न जाता काश्मीरमधलं गुलमर्ग किंवा उत्तराखंडातलं औली गाठावं, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: दिल्लीहून अल्माटी चार तासांच्या आत येतं, कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तिथल्या शिंबुलाक या स्की-केंद्राचे उतार यंत्राने सारखे केलेले असतात. उलट गुलमर्गला जानेवारी २०२४ मध्ये बर्फच नव्हता, गोंडोलाची (म्हणजे तिथल्या केबल कारची) तिकिटं मिळता मिळत नाहीत, आणि औलीचा रोपवे तर बंदच आहे. तेव्हा हा सगळा लेख म्हणजे 'स्वदेशीचा उमाळा'. शिवाय बावन्नाव्या वर्षी, ७० किलो वजन घेऊन, शिकायला सुरुवात करावी का, हेही तुम्ही विचारलंय.

रोपवेचं आधी, कारण तिथे चूक माझीच आहे. जोशीमठची जमीन खचल्यावर, जानेवारी २०२३ पासून, जोशीमठ–औली रोपवे बंद आहे. हे लेखात यायला हवं होतं. आता औलीला रस्त्यानेच चढावं लागतं आणि सकाळी त्या वळणांवर बर्फाचा काचेसारखा थर असतो. साखळ्या नसलेली गाडी घेऊन वर जायचा हट्ट करू नये. ऊन वर आल्यावर निघावं.

बाकीच्या मुद्द्यांतही तथ्य आहे, पण तुम्ही हिशोब विमानाचं तिकीट आणि उतारांची लांबी यांचा मांडलाय. नवशिक्याच्या पहिल्या आठवड्याचं माप वेगळं असतं: हलक्या उतारावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली घालवलेले तास. नव्या माणसाच्या मांड्या दिवसाला चार तासांपेक्षा जास्त साथ देत नाहीत. सहा दिवसांचे झाले चोवीस तास. त्यातले पहिले आठ-दहा तास शंभरेक मीटरच्या एकाच उतारावर जातात. सपाटीवर एका स्कीवर घसरत चालणं, उताराला आडवं उभं राहून पायरी-पायरीने चढणं, पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठणं, मग सरळ घसरणं, मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करणं, आणि त्याच स्थितीत एका पायावर भार टाकून वळणं. हे होईपर्यंत डोंगरावर लिफ्ट एक आहे की वीस, याने काडीचाही फरक पडत नाही. गुलमर्गचं गोल्फचं मैदान म्हणजे एक पसरट वाडगा आहे. त्याच्या कडेचे उतार या कामाला पुरेसे आहेत.

फरक पडतो तो भाषेने. 'वजन बाहेरच्या पायावर टाका, दरीकडे बघा, मागे रेलू नका' हे घसरता घसरता कळावं लागतं. इथे ते हिंदीत ऐकू येतं. अल्माटीत इंग्रजी बोलणारा प्रशिक्षक मुद्दाम मागून घ्यावा लागतो. 'मागे रेलू नका' ही तर पहिल्या आठवड्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना. भीती वाटली की माणूस डोंगराकडे झुकतो, त्याने स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो, वळणं थांबतं, वेग वाढतो आणि भीती आणखी वाढते. नडगी बुटाच्या जिभेवर सतत टेकलेली असेल तर समजावं की भार जागेवर आहे.

आणि ही शिकवणी इथे संस्थांकडून मिळते: गुलमर्गला केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था, औलीला गढवाल मंडल विकास निगम. राहणं, जेवण, साहित्य आणि शिकवणी एकत्र असलेले त्यांचे ठरावीक मुदतीचे वर्ग असतात. खोली डॉर्मिटरीसारखी आणि शिस्त एनसीसीसारखी असू शकते. हौसेची सहल हवी असेल तर ते रुचणार नाही, शिकायचं असेल तर यापेक्षा स्वस्त दुसरं काही नाही. जागा मात्र लवकर भरतात.

आता गोंडोला. तुमच्या प्रतिक्रियेत, आणि इतरही अनेकांच्या बोलण्यात, गुलमर्गचं स्कीइंग म्हणजे गोंडोला असं गृहीत धरलेलं दिसतं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. त्या वरच्या टप्प्यावरून खाली येणारा उतार यंत्राने सारखा केलेला नाही. तो ताज्या, खोल बर्फाचा डोंगर आहे आणि तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वेळा तिथे परदेशी स्कीपटूंचा जीव गेला. गस्तीची हद्द दोरीने आखलेली असते, दोरीपलीकडे जाणाऱ्याकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ-यंत्र), फावडं, शोधकाठी आणि वाटाड्या ही चारही हवीत. नवशिक्याने दुसऱ्या टप्प्यावर फार तर बघायला जावं, आणि स्की खाली ठेवून. त्यामुळे तिकीट मिळालं नाही म्हणून शिकणाऱ्याचा आठवडा बुडत नाही. समुद्रसपाटीवरून आलेल्याने तर पहिले दोन दिवस तिकडे फिरकूच नये. डोकं दुखणं, मळमळ, रात्री झोप न लागणं ही उंचीची लक्षणं असतात, चहाने जात नाहीत.

बर्फाचं म्हणाल, तर २०२४ चा जानेवारी खरोखरच कोरडा गेला. काश्मीरचा बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-बर्फाच्या वादळांवर, अवलंबून आहे. ते आले नाहीत तर चिल्ले कलान, म्हणजे २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस, नुसत्या थंडीचे जातात. त्या हंगामातही बर्फ महिनाअखेरीला पडायला लागला. म्हणून नाताळची सुट्टी धरून आखणी करणं ही इथली नेहमीची चूक: गर्दी सर्वांत जास्त आणि थर सर्वांत कमी. फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा. मुलांची शाळा आडवी येते, मान्य. पण डिसेंबरलाच जायचं असेल तर तुमचं अल्माटी बरं, कारण तिथे कृत्रिम बर्फ करतात. मनालीजवळच्या सोलंगवर मात्र कोणत्याच महिन्यात फार विसंबू नये. तिथे बर्फापेक्षा भाड्याचे कोट जास्त दिसतात.

इथली खरी कमजोरी तुमच्या यादीत नाही: भाड्याचं साहित्य. बूट निवडताना आतला मऊ थर काढून पाय नुसत्या कवचात घाला. बोटं पुढे टेकली की टाचेमागे एक ते दोन बोटांची जागा राहायला हवी. तीन बोटं राहिली तर बूट मोठा. दुकानदार 'जाड मोजे घाला' म्हणेल, ऐकू नका. मोजा एकच आणि पातळ. दोन मोज्यांच्या घड्या पायाला काचतात, रक्त कमी पोचतं आणि उबेसाठी घातलेल्या मोज्यानेच बोटं बधिर होतात. स्कीची लांबी छाती ते हनुवटीच्या मध्ये. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तपासल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका: बूट अडकवा, टाच दाबून सोडवा, मग पुढचं टोक बाजूला पिळून बघा. जोर लावूनही सुटत नसेल तर जोडी बदलून घ्या, कारण पडताना स्की सुटली नाही तर गुडघा पिळला जातो. आणि प्रत्येक वेळी स्की चढवण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ खरवडायचा. तो चिकटलेला असला की बाइंडिंग नीट बसत नाही आणि नको तिथे सुटतं.

प्रवासाच्या दोन गोष्टी. श्रीनगरची विमानं धुक्याने किंवा बर्फाने रद्द होतात, म्हणून परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. आता कटरा–श्रीनगर रेल्वेचा पर्यायही आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, गटात एक तरी पोस्टपेड हवं. सुरक्षिततेचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण पहलगामच्या एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर तो कुणाच्या मनात नसेल असं नाही. तिथे मी कुणाला आग्रह करणार नाही. मन धजत नसेल तर औली आहे.

परदेशाला माझा विरोध नाही. प्रश्न वेळेचा आहे. मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून न थांबता वळणं घेता यायला लागली, की गुलमर्गचं मधलं अंगण संपतं. खाली शिकण्याचे उतार, वर अफरवटचा डोंगर, मध्ये सरावाचे सारखे केलेले लांब उतार अगदीच थोडे. त्या टप्प्यावर शिंबुलाक किंवा जॉर्जियातलं गुडाउरी एका आठवड्यात जे देईल ते इथे दोन हंगामांत मिळणार नाही. तेव्हा जरूर जा. फक्त प्रवास विम्याचा कागद नीट वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये स्कीइंग वगळलेलं असतं, आणि ते वेगळे पैसे भरून घालून घ्यावं लागतं.

राहिला वयाचा प्रश्न. बावन्न हे शिकायला उशिराचं वय नाही, पण बाइंडिंग किती जोराने सुटावी याचा आकडा ठरवणाऱ्या तक्त्यात पन्नाशीनंतर एक पायरी खाली उतरावं लागतं, म्हणजे ती कमी जोराने सुटते. भाड्याच्या दुकानात हे कुणी विचारत नाही, म्हणून वजन, उंची आणि वय तिन्ही स्वतःहून सांगा आणि आकडा बदललेला डोळ्यांनी बघा. जायच्या आठ आठवडे आधीपासून भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसायचा सराव करा, तीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत. जोडीला रोज जिने उतरा. चढणं नव्हे, उतरणं, कारण स्कीइंगमध्ये मांडी ताणली जात असतानाच भार पेलते. पोलचे पट्टे पहिला आठवडा मनगटात घालू नका. पडताना पोल हातातून सुटला नाही की अंगठा मागे ओढला जातो, आणि मुरगळलेला अंगठा गुडघ्याइतकाच वेळ खातो. गुडघा आधीच दुखत असेल तर तिकीट काढण्यापूर्वी अस्थितज्ज्ञांना दाखवा.