चार पेन्सचा निवारा आणि तारेचं कुंपण

"आधी वाढायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. यात वाईट काय आहे?" मास्तरांनी मुक्तिफौजेची, म्हणजे गोरगरिबांत काम करणाऱ्या 'साल्व्हेशन आर्मी' या ख्रिस्ती संघटनेची, बाजू घेतली आणि कट्टा तापला.

विल्यम बूथनं 1865 मध्ये लंडनच्या ईस्ट एंडला हे काम उभं केलं. उपाशी माणसाला प्रवचन ऐकू येत नाही, हे त्याला कळलं होतं. त्याच्या निवाऱ्यात चार पेन्समध्ये रात्रीचं खाणं, झोपायला जागा आणि सकाळची न्याहारी मिळे. लाकडी खोक्यात समुद्री शेवाळ भरलेली गादी आणि पांघरायला चामडं. चामडं पुसता येतं, घोंगडीत उवा राहतात.

"आणि खाणं व झोप यांच्या मध्ये प्रार्थनासभा," वकील म्हणाले. "थंडीत उठून जाणार कुठे?"

"अहो, पण पोट तोवर भरलेलं असे ना!"

डॉक्टरांनी काडीपेटीचा विषय काढला. पिवळा फॉस्फरस स्वस्त, काडी कुठंही घासली की पेटते. पण त्याची वाफ कारखान्यातल्या कामगारांच्या किडलेल्या दातांतून शिरते आणि जबड्याचं हाड सडतं. बूथनं 1891 मध्ये जबड्याला धोका नसलेल्या तांबड्या फॉस्फरसच्या काड्यांचा कारखाना काढला आणि मजुरीही जास्त दिली. काडीपेटी महाग पडली, गरीब गिऱ्हाईक स्वस्त मालाकडेच गेलं आणि दहा वर्षांत कारखाना विकावा लागला. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात स्वच्छ काम. जबडा वाचायला बाप्तिस्मा लागत नव्हता.

वकिलांचा खरा मुद्दा इथून पुढे होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं. 1908 पासून मुक्तिफौजेनं गोरखपूरला, पुढे आंध्रात स्टुअर्टपुरमला अशा लोकांच्या वसाहती चालवायला घेतल्या. शाळा, विणकाम, शेती सगळं होतं. पण सोबत हजेरी होती आणि बाहेर जायला परवानगी लागे. सोलापूरची सेटलमेंट याच कायद्यातली, तारेच्या कुंपणातली.

"हेतू सुधारण्याचाच होता," मास्तर म्हणाले.

"असेल. पण पहारा सरकारचा आणि प्रार्थना मिशनची, अशा जागी 'मनापासून स्वीकारलं' याला काय अर्थ उरतो?"

मला वकिलांचं पटतं. लंडनच्या निवाऱ्यातला माणूस प्रार्थनेत डुलक्या काढून सकाळी न्याहारी करून चालता होई. स्टुअर्टपुरमच्या माणसाला नातलगाच्या मयतीला जायचं तरी आधी परवानगी मागावी लागे.