फॉस्फो-पीडीएचचा बँड गडद म्हणजे एन्झाइम जोरात? अहो, उलट!

मुंबईतल्या बायोकेमिस्ट्रीच्या मुलांच्या ग्रुपांवर वेस्टर्न ब्लॉटबद्दल (जेलवर प्रथिनं वजनानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर घ्यायची आणि हवं ते प्रथिन अँटीबॉडीने पकडायचं; ते रेघेसारखं दिसतं, तो बँड) एक मेसेज फिरतोय: ‘फॉस्फो-पीडीएचचा बँड जितका गडद, तितकं मायटोकॉन्ड्रियाचं काम जोरात. ४३ किलोडाल्टनला बँड आला की झालं, टोटल पीडीएच लावायची गरज नाही. नमुना बर्फात ठेवा आणि निर्धास्त राहा. ब्लॉकिंगला दूध अजिबात नको.’

फॉस्फो-पीडीएच म्हणजे फॉस्फेट चिकटलेलं पीडीएच, टोटल म्हणजे फॉस्फेट असो-नसो सगळं पीडीएच, आणि ब्लॉकिंग म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेनची मोकळी जागा आधी झाकणं. मेसेजचं पहिलंच वाक्य साफ उलटं आहे. पीडीएच, म्हणजे पायरुव्हेट डीहायड्रोजनेज हे मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम, ग्लुकोजपासून आलेल्या पायरुव्हेटचं ॲसिटिल-कोए करतं. त्याच्या ई१-अल्फा उपघटकावर सेरीन (एक अमिनो आम्ल) २३२, २९३ आणि ३०० या फॉस्फेट लागण्याच्या तीन जागा आहेत. पीडीके या किनेजांनी (फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमांनी) तिथे फॉस्फेट चिकटवलं की एन्झाइम थंडावतं. पीडीपी या फॉस्फेटेजांनी (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांनी) ते काढलं की पुन्हा चालू. एकेटी, ईआरके अशा फॉस्फेट लागल्यावर चालू होणाऱ्या प्रथिनांचे ब्लॉट बघून बघून ‘फॉस्फो म्हणजे ॲक्टिव्ह’ असं डोक्यात बसतं, ते इथे लागू नाही. उपाशी प्राण्याच्या स्नायूत पीडीके४ (पीडीकेचाच एक प्रकार) वाढतं आणि बँड गडद होतो, कारण शरीर ग्लुकोज वाचवत असतं. खात्री हवी तर पेशींना डायक्लोरोॲसिटेट द्या. ते पीडीकेला अडवतं, म्हणजे बँड फिका पडायला हवा. नाही पडला, तर अँटीबॉडी नेमकं काय पकडतेय ते आधी शोधा.

४३ किलोडाल्टनचं म्हणाल तर एका फॉस्फेटचं वजन जेमतेम ८० डाल्टन. साध्या जेलवर तेवढा फरक दिसायचा नाही, म्हणजे योग्य जागी आलेला बँड फॉस्फोचाच आहे हे वजनावरून ठरत नाही. अँटीबॉडी लावण्याआधी मेम्ब्रेनची एक पट्टी लॅम्ब्डा फॉस्फेटेजमध्ये (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइममध्ये) ठेवा. तिच्यावरचा बँड गेला पाहिजे. आणि टोटल लागतोच. प्रोटीनच कमी झालं तरी फॉस्फोचा बँड फिकटतो, आणि आपण ‘एन्झाइम चालू झालं’ म्हणून पेढे वाटतो! शिवाय २९३ची अँटीबॉडी २३२बद्दल काहीच सांगत नाही. जुन्या पेपरांत २९३ला २६४ म्हटलेलं दिसेल. जागा तीच, फक्त मायटोकॉन्ड्रियात शिरताना कापली जाणारी सुरुवातीची २९ अमिनो आम्लं त्या मोजणीत धरलेली नसतात.

बर्फाचा भरवसा मला सगळ्यात महागाचा वाटतो. परळच्या ऑपरेशन थिएटरमधून निघालेला ऊतीचा तुकडा बर्फात घालून खारघरला निघाला आणि वाटेत ट्रॅफिक लागला, तर आतला भाग थंड होईपर्यंत ऑक्सिजन तुटलेला असतो, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) उतरलेलं असतं, आणि किनेज-फॉस्फेटेज आपापलं काम करत असतात. बँड कुठल्याही बाजूला सरकू शकतो. तुकडा छोटा करून थिएटरच्या दारातच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. सोडियम फ्लोराइडसारखे फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेटेज अडवणारे पदार्थ) लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, आधीपासून हवेत, नंतर घालून उपयोग नाही.

दुधाबाबत मेसेज अर्धा खरा. त्यातल्या केसीन या प्रथिनावर फॉस्फेट असतं, त्यामुळे बॅकग्राउंड वाढू शकतं. पण एकाच जागेसाठी बनवलेल्या कितीतरी अँटीबॉडी दुधातही नीट चालतात. डेटाशीट बघा, नाहीतर एक पट्टी दुधात आणि एक बीएसएत (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात) लावून बघा.