खिडकीपलीकडे कोण बसते

सांगलीहून येणारा फोन अलीकडे एकाच वादावर येऊन ठेपतो. काकांचे म्हणणे असे, की दरमहा पैसे वाटून सरकारने माणसे ऐतखाऊ केली आणि हळदीच्या पेठेत पोते उचलायला गडी मिळेनासा झाला. चुलतभावाचे म्हणणे असे, की २०२४ मध्ये सुरू झालेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतनावर राबवून, मुदत संपताच घरी पाठवलेल्या पोरांना ऐतखाऊ म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे. मग दोघेही माझ्याकडे वळतात आणि विचारतात, तुमच्या अमेरिकेत काय करतात?

ओहायोतल्या कोलंबस शहरात माझी नोकरी गेली तेव्हा मी काउंटीच्या रोजगार केंद्रात गेलो होतो. ग्रीन कार्ड हाती असल्याने तेवढा हक्क होता. मनात मात्र लाज होती. टेबलामागे सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ बसले होते. माझा तीन पानी अर्ज त्यांनी पेन्सिलीने खोडत दीड पानावर आणला, आणि मग त्या अर्जाशी काहीही संबंध नसलेला प्रश्न विचारला : ‘नोकरीबरोबर आरोग्यविमाही गेला असेल, घरात कोणाची रोजची औषधे चालू आहेत का?’ बायकोची चालू होती. त्यांनी संबंधित विभागाचा क्रमांक कागदावर लिहून दिला नाही. स्वतः फिरवला, पलीकडे माणूस बोलू लागल्यावरच फोन माझ्या हाती दिला. पुढे कळले, की हे गृहस्थही नोकरी शोधणाऱ्यांपैकीच होते. पंचावन्न ओलांडलेल्या, उत्पन्न तुटपुंजे असलेल्या बेरोजगारांना सार्वजनिक किंवा सेवाभावी संस्थेत आठवड्याला साधारण २० तास काम आणि किमान वेतन देणारी केंद्र सरकारची एक योजना आहे, तिच्यातून ते त्या खुर्चीवर आले होते.

ही योजना ज्या कायद्याखाली चालते तो ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा १९६५ चा. त्याच कायद्याच्या पैशातून साठीपुढच्यांना जेवण मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही; ऐच्छिक वर्गणी तेवढी घेतात, ज्याला जमेल त्याने द्यावी. मी काही महिने घरोघरी डबे पोहोचवले. दार उघडायला नेहमीपेक्षा उशीर झाला, कालचा डबा तसाच पडलेला दिसला, तर ते केंद्राला कळवणे हेही आमच्या कामात मोडत असे. अर्थात सगळे गोड नाही. कित्येक ठिकाणी डब्यासाठी प्रतीक्षायादी असते, आणि २०२५ मध्ये निधी वेळेवर न सुटल्याने रोजगार केंद्रातल्या त्या गृहस्थांसारख्या, योजनेतून काम करणाऱ्या अनेक वयस्करांना घरी बसावे लागले. ‘तिकडे म्हातारे एकटे पडतात’ हे काकांचे वाक्यही खोटे नाही. काही दारांमागे दिवसभरात माझ्याखेरीज कोणाचा आवाज येत नसे.

पण आपल्याकडे काय आहे ते पाहा. माझी आत्या तासगाव तालुक्यात राहते. श्रावणबाळ योजनेत तिला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. या योजनेची उत्पन्नमर्यादा कुटुंबाला वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात घर चालत नाही हे दाखला देणारा, घेणारा आणि तपासणारा असे तिघेही जाणतात, आणि तरी तो कागद दरवेळी या हातातून त्या हातात जातो. प्रामाणिक माणसाला लबाड करणारी ही अट वाटपाच्या वादात कोणाच्या तोंडी येत नाही, याचे मला नवल वाटते. हयातीच्या दाखल्यासाठी आत्या गेली, तर द्राक्षबागेत खुरपून झिजलेला तिचा अंगठा यंत्राला ओळखू येईना. ‘सोमवारी या’ असे तिला दोन वेळा सांगण्यात आले.

तासगावचे नाव घेताना मला वि. स. पागे आठवतात. विसापूरच्या या माणसाच्या कल्पनेचा पहिला प्रयोग याच तालुक्यात १९६५ मध्ये झाला आणि त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. मागेल त्याला काम, तेही हक्क म्हणून, हा विचार अमेरिकेतून आणावा लागलेला नाही. तेव्हा द्यावे की देऊ नये, या काकांच्या प्रश्नात मला फारसा रस उरलेला नाही. खिडकीपलीकडे कोण बसते आणि त्याला समोरच्या माणसाचे काम पुरे करण्याची मुभा आहे का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कारण आत्याचे काम अखेर झाले ते चुलतभावाच्या मुलाने केले. तो विद्यावेतनावर एका कार्यालयात होता आणि दिवसभर जुन्या नोंदी संगणकात भरत असे. दुसऱ्या सोमवारी आत्या ओट्यावर बसलेली त्याला दिसली. तो तिला आत घेऊन गेला, अर्ज भरला, साहेबांसमोर उभे करून दाखला घेतला. सारे अर्ध्या तासात. तेवढ्यात ओट्यावरच्या आणखी चौघींनी आपापल्या पिशव्या त्याच्यापुढे उघडल्या. हे काम त्याच्या नेमणुकीत नव्हते, आणि नंतर साहेबांनी त्याला तसे सुनावलेही.

त्याची मुदत संपली आहे. परवा आत्याने फोनवर विचारले, ‘अरे, पोरगं परत तिथं लागणार हाय का? न्हाईतर यंदा कुणाला म्हणायचं?’